यशवंतरावांची एक सही आणि तीस वर्षांची वाट

जानेवारी १९८० मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. त्या निवडणुकीत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. पण जिल्ह्यातल्या ज्या समाजाने सर्वांत आधी माणूस म्हणून मान वर केली, त्या बौद्ध समाजातल्या कोणालाही बौद्ध म्हणून त्या जागेवर अर्ज भरता येत नव्हता. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले की केंद्र सरकारच्या यादीतून नाव गेले, असा कायदा होता. राखीव जागा हवी असेल तर कागदावर हिंदू राहा, धम्म हवा असेल तर जागा सोडा.

त्याच जानेवारीत देशाचा उपपंतप्रधान आणि गृहमंत्री एक मराठी माणूस होता. वीस वर्षांपूर्वी, महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री असताना, याच माणसाने बौद्धांच्या सवलती राज्यापुरत्या चालू ठेवण्याचा निर्णय घेतला होता. त्या निर्णयावर आपल्या आजोबांच्या पिढीची शिक्षणे झाली. यशवंतराव बळवंतराव चव्हाण हे त्यांचे नाव. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण त्यांना उपकारकर्ते मानतात, काही जण रिपब्लिकन पक्ष फोडणारा चतुर काँग्रेसवाला म्हणतात. तरुण कार्यकर्त्यांनी त्यांचे आयुष्य एकदा तारखांसकट नीट पाहावे, म्हणून हा लेख.

आधी उपपंतप्रधान या पदाबद्दल थोडे. भारताच्या संविधानात हे पद नाही. संविधानात पंतप्रधान आहे, मंत्रिपरिषद आहे. उपपंतप्रधान हा शब्द नाही. ज्याला ही पदवी मिळते तो कायद्याच्या दृष्टीने इतरांसारखाच एक मंत्री असतो. चौधरी देवीलाल यांनी १९८९ मध्ये शपथ घेताना उपपंतप्रधान हा शब्द हट्टाने उच्चारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की हा शब्द केवळ वर्णनापुरता आहे, त्याने जास्तीचा अधिकार मिळत नाही. आजवर सात जण या पदावर बसले: वल्लभभाई पटेल, मोरारजी देसाई, चरणसिंग, जगजीवनराम, यशवंतराव चव्हाण, देवीलाल आणि लालकृष्ण अडवाणी. सातांपैकी तिघे एकट्या १९७९ सालातले, त्यातले दोघे तर एकाच वेळी. सरकार डळमळीत असले की या पदाला भाव येतो, हे त्यावरून दिसते.

अपवाद पहिल्याचा. पटेलांकडे गृह आणि संस्थानांची खाती होती, त्यामुळे पदवी नसती तरी फरक पडला नसता. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरले आणि पहिली चकमक आपल्या नळदुर्गला झाली. चार-पाच दिवसांत हैदराबाद संस्थान संपले. त्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मुस्लिमांवर जे अत्याचार झाले त्यांची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत मात्र ते कोणी बोलत नाही. असो. निजाम गेला, पण गावकुसाबाहेरच्या माणसाची वेठ त्याच्याबरोबर गेली नाही. ती कशी गेली, हे सांगताना यशवंतरावांचे नाव येते.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. वडील कोर्टात बेलिफ होते आणि यशवंतराव लहान असतानाच प्लेगने गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुले वाढवली. थोरले बंधू गणपतराव सत्यशोधक विचारांकडे ओढले गेलेले. त्यामुळे घरात राष्ट्रीय चळवळ आणि बहुजनांची चळवळ अशा दोन्ही गोष्टींची चर्चा असे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना २६ जानेवारी १९३२ रोजी झेंडा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या शिक्षेतला बराच काळ त्यांनी येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये काढला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच येरवड्यात पुणे करार झाला आणि बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. राखीव जागा हा प्रकार त्या करारातून आला. तो पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. केले आणि पुण्यातून वकिलीची परीक्षा दिली. मधल्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव पडून ओसरला. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झाले आणि दोन महिन्यांत चले जाव सुरू झाले. यशवंतराव भूमिगत झाले, नवविवाहित वेणूताईंनाही तुरुंगात जावे लागले. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, संसदीय सचिव झाले. १९५२ मध्ये मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो याच दिवशी.

तारखा पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरला चव्हाण मुख्यमंत्री झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणजे बाबासाहेब गेले तेव्हा यशवंतरावांना खुर्चीवर बसून जेमतेम पाच आठवडे झाले होते. लाखो माणसांनी नुकताच धर्म बदलला होता, नेता गेला होता, आणि त्या माणसांचे कागदोपत्री काय करायचे हा प्रश्न ज्या राज्यात सर्वांत मोठा होता, ते राज्य त्यांच्या हाती होते.

पण त्याआधी वतनाची गोष्ट सांगावी लागेल, कारण तिचा एक धागा आपल्या जिल्ह्यात आहे.

महार वतन म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीला नुसत्या शब्दावरून कळत नाही. वतन म्हटले की जमीनजुमला डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात ती गुलामी होती. गावाची सीमा दाखवायची, दवंडी द्यायची, सरकारी वसूल पोचवायचा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढायचे. कामाला वेळेचे बंधन नाही. घरातला कर्ता माणूस आजारी असेल तर बायको-पोराला बोलावणे यायचे. बदल्यात इनामाचा एक तुकडा, जो भाऊबंदकीत वाटून वाटून वीतभर उरायचा, आणि बलुत्याची भाकर, जी दारोदार मागून आणायची. १८७४ च्या कायद्याने इंग्रजांनी या पद्धतीला कायद्याचे कोंदण दिले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तो कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही आणि त्यांना ते मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला परिषद झाली. आणि २२-२३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद भरली.

कसबे तडवळे आपल्या धाराशिव तालुक्यातले. बाबासाहेबांची बैलगाडीतून निघालेली मिरवणूक आणि ते ज्या शाळेत उतरले ती शाळा, या दोन गोष्टी तिथे आजही अभिमानाने सांगितल्या जातात. दरवर्षी फेब्रुवारीत तिथे माणसे जमतात, अभिवादन होते, भाषणे होतात. पण परिषदेचा विषय वतन होता, आणि महार-मांग असे दोन्ही समाज तिच्या नावातच होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. पुढच्या काळात हे दोन समाज राजकारणात किती लांब गेले ते आपण पाहतोच.

बाबासाहेबांच्या हयातीत वतन गेले नाही. ते गेले यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा; तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. जुन्या मुंबई राज्याच्या भागात वतनी काम त्या दिवशी कायद्याने संपले. वतनाच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदाराला परत मिळण्याची सोय झाली, मात्र परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा शर्तीवर. मराठवाड्यातल्या इनाम-वतनांचा हिशेब हैदराबादच्या वेगळ्या कायद्यांनी झाला. या शर्तीच्या जमिनी नंतर कोणी कोणाच्या नावावर करून घेतल्या हा वेगळा, मोठा आणि अजून न संपलेला विषय आहे. महार वतनाच्या जमिनीची प्रकरणे अजूनही वर्तमानपत्रांत येतात, आणि प्रत्येक वेळी मूळ वतनदाराचे वारस शहराच्या कडेला झोपडीत सापडतात.

या कायद्याचे श्रेय कोणाला द्यायचे? माझ्या मते हिशेब साधा आहे. तीस वर्षे मागणी बाबासाहेबांनी आणि हरेगाव-तडवळ्याला जमलेल्या माणसांनी केली. कायदा चव्हाण सरकारने केला. मोरारजींच्या काळात तो झाला नव्हता, खेरांच्या काळातही नाही. म्हणून यशवंतरावांचा वाटा नाकारता येत नाही. मात्र तो शेवटच्या हाताचा वाटा आहे.

आता सवलतींचे. अनुसूचित जाती कोण, हे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. त्या आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही अशी अट होती. १९५६ मध्ये तीत शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. म्हणजे ज्या वर्षी दिल्लीने शिखांसाठी दार उघडले त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसे दाराबाहेर उभी राहिली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतली राखीव जागा, निवडणुकीतली राखीव जागा, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह लागले. जात तीच, गावातली वागणूक तीच, पाणवठा तोच. फक्त कागदावर माणूस बदलला.

हा आदेश बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, राज्याला नाही. पण राज्य स्वतःच्या शाळा-कॉलेजांत आणि स्वतःच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना सवलती देऊ शकते. संविधानाच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत ती वाट आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी यशवंतरावांच्या सरकारने अनुसूचित जातींना राज्याकडून मिळणाऱ्या सवलती बौद्धांनाही लागू केल्या. शासनाच्या भाषेत त्यासाठी नवबौद्ध असा शब्द आला. तो आपल्याला खटकतो आणि खटकावा. बौद्ध झालेला माणूस बौद्ध असतो, त्यात नवा-जुना काय? पण समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांच्या पाट्यांवर आणि योजनांच्या अर्जांवर तो शब्द अजून टिकून आहे.

या निर्णयाचे मोल आकड्यात कसे सांगावे? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. निर्णय झाला १९६० मध्ये आणि जनगणना झाली पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे प्रगणक दारात आला तेव्हा धर्म बौद्ध असे सांगणाऱ्या बापाला मुलाची शिष्यवृत्ती जाईल ही भीती निदान राज्यापुरती उरली नव्हती. भीती असतानाही लोकांनी बौद्ध लिहिलेच असते, असे मी मानतो. दीक्षा घेताना कोणी सवलती विचारल्या नव्हत्या. पण मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात गेलेल्या मुलाला महिन्याची खानावळ कुठून भरायची हा प्रश्न होताच. त्या निर्णयाने तो सुटला. पुढची शिक्षक, कारकून, वकील, प्राध्यापक आणि कवी ही सगळी पिढी त्या खानावळीवर उभी राहिली. आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ करणारी ईबीसी सवलतही याच काळातली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत, २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि त्यासाठी किती घरे जळली ते इथे पुन्हा सांगत नाही.

इथपर्यंतचे यशवंतराव वाचून कोणालाही ते आपले वाटतील. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

१९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते, म्हणजे यशवंतरावांच्या विरोधात. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत झाले आणि खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्यात वाचले. नाशिकमधून कर्मवीर दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. ऑक्टोबरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. शेतकरी, कामगार आणि दलित एकत्र आले तर काँग्रेसचे काय होते, हे यशवंतरावांनी त्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. खानदेश-मराठवाड्यात हजारो स्त्री-पुरुष पडीक जमिनीच्या मागणीसाठी तुरुंगात गेले. त्या तुरुंगांवर सत्ता यशवंतरावांच्या सरकारची होती. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणा कायदा झाला. पण भूमिहीनाच्या पदरात किती जमीन पडली, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गायरानावर जाऊन विचारावे.

यशवंतरावांच्या राजकारणाला बेरजेचे राजकारण म्हणतात. विरोधकाला तोडण्यापेक्षा जवळ घ्यायचे, ही त्यांची पद्धत. १९६७ मध्ये दादासाहेबांच्या रिपब्लिकन पक्षाशी जिल्हा परिषद निवडणुकांसाठी काँग्रेसने युती केली, ती याच पद्धतीतली. काही ठिकाणी आपले कार्यकर्ते सभापती झाले, सत्तेची ओळख झाली. त्याच काळात पक्षाचे तुकडेही वाढत गेले. फुटीचा सगळा दोष यशवंतरावांवर टाकणे मला पटत नाही. आपले नेते लहान मुले नव्हते. पदाचा मोह आणि एकमेकांविषयीचा आकस घरचाच होता. पण बेरीज करणाऱ्याला काय मिळाले आणि बेरजेत गेलेल्याला काय उरले, याचा ताळा मांडला तर दुसऱ्या रकान्यात फार काही दिसत नाही. १९५७ ची ती ताकद पुन्हा कधी जमली नाही.

१९६२ च्या चीन युद्धानंतर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, तेच नाशिक जिथून सहा वर्षांपूर्वी दादासाहेब निवडून आले होते. संरक्षण, मग १९६६ पासून गृह, १९७० पासून अर्थ, १९७४ पासून परराष्ट्र. सलग पंधरा वर्षे ते देशाच्या पहिल्या चार-पाच माणसांत होते. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात होते आणि गप्प होते.

नेमक्या याच पंधरा वर्षांत बौद्धांचा प्रश्न दिल्लीत पडून होता. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. मेश्राम यांच्याविरुद्ध अर्ज झाला की हे तर बौद्ध झालेले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यांची निवड रद्द ठरली. दीक्षाभूमी असलेल्या शहरात दीक्षा घेतली म्हणून आमदारकी गेली! भूमिहीनांच्या १९६४-६५ च्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हाही बौद्धांना केंद्राच्या सवलती द्या ही मागणी सत्याग्रहींच्या निवेदनात होती. महाराष्ट्रात जे एका शासननिर्णयाने झाले होते, त्यासाठी दिल्लीत एक छोटा कायदा लागत होता. ज्या माणसाला हा प्रश्न कोणत्याही उत्तर भारतीय मंत्र्यापेक्षा जास्त कळत होता, तो मंत्रिमंडळात होता. कायदा आला नाही.

का आला नाही, याचे उत्तर मी त्यांच्या स्वभावात शोधतो. मुंबईत ते प्रमुख होते, दिल्लीत कायम दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात. प्रमुख असताना निर्णय घेणारा माणूस, दुसऱ्या क्रमांकावर गेला की वारा पाहू लागला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी पक्षाच्या बैठकीत इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डींना पाठिंबा दिला, आणि पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. कुंपणावरचे नेते ही टीका त्यांना तिथूनच चिकटली.

मग १९७९ उजाडले. केंद्रात जनता पक्षाचे सरकार होते, मोरारजी पंतप्रधान होते आणि त्यांच्या हाताखाली चरणसिंग व जगजीवनराम असे दोन उपपंतप्रधान होते. यशवंतराव इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसचे लोकसभेतले नेते. जुलैत त्यांनी सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला आणि ज्यांच्या हाताखाली ते मुंबईत मंत्री झाले होते ते मोरारजी १५ जुलैला राजीनामा देऊन मोकळे झाले. राष्ट्रपती होते तेच संजीव रेड्डी. त्यांनी सरकार बनवण्यासाठी पहिले बोलावणे यशवंतरावांना केले. एका मराठी माणसाला पंतप्रधानपद इतके जवळून कधी दिसले नव्हते. आकडे जमेनात. काही दिवसांत त्यांनी असमर्थता कळवली. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री.

हे सरकार एक दिवसही लोकसभेला सामोरे गेले नाही. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. त्यानंतरचे दोन दिवस आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावेत असे आहेत. जनता पक्षाचे नेतेपद आता जगजीवनराम यांच्याकडे होते. सरकार बनवण्याची संधी आपल्याला द्यावी, अशी त्यांची मागणी होती. देशाचा पंतप्रधान चर्मकार समाजातला माणूस होण्याची ती एकमेव खरी शक्यता होती. राष्ट्रपतींनी ती संधी दिली नाही. जाणाऱ्या मंत्रिमंडळाच्या शिफारशीवर २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त झाली. त्या मंत्रिमंडळात दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची यशवंतरावांची होती.

जगजीवनराम काही आपले नेते नव्हते. बाबासाहेब फेडरेशन उभे करत होते तेव्हा ते काँग्रेसच्या तंबूत होते आणि काँग्रेस त्यांचा वापर बाबासाहेबांविरुद्ध करत होती, हे आपण विसरत नाही. तरीही त्या दिवशी जे झाले ते एका माणसापुरते नव्हते. आणि ते होऊ देणाऱ्या मंत्रिमंडळात महार वतन रद्द करणारा मुख्यमंत्री बसलेला होता, ही गोष्ट मला यशवंतरावांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते. बेरजेच्या राजकारणात त्या आठवड्यात बेरीज एकाच बाजूला चालली होती.

पुढचे पाच महिने काळजीवाहू सरकारचे. १४ जानेवारी १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या आणि उपपंतप्रधानपद संपले. एकूण १७० दिवस. साताऱ्यातून ते स्वतः निवडून आले, पण राजकारण संपल्यात जमा होते. पुढच्या वर्षी ते इंदिरा गांधींच्या पक्षात परतले. तिथे त्यांना बराच काळ ताटकळत ठेवले गेले, मग आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद दिले गेले. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते आतून मोडले. मूल नव्हते. संपत्ती म्हणावी तर पुस्तके. ती कराडला आहेत. कृष्णाकाठ या आत्मचरित्राचा पहिला भाग त्यांनी लिहून पूर्ण केला, पुढचे भाग राहिले. त्यामुळे दिल्लीतल्या त्या वर्षांबद्दल त्यांचे स्वतःचे म्हणणे पुस्तकरूपाने कधी आले नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

बौद्धांना अनुसूचित जातींत घेणारा केंद्राचा कायदा १९९० मध्ये झाला. पंतप्रधान होते विश्वनाथ प्रताप सिंह, कल्याणमंत्री रामविलास पासवान, आणि उपपंतप्रधान होते तेच देवीलाल, शपथेत हट्टाने शब्द घालणारे. ३ जून १९९० ला राष्ट्रपतींची सही झाली. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुका फेब्रुवारीतच उरकल्या होत्या. त्यामुळे उस्मानाबादच्या राखीव जागेवर बौद्ध म्हणून नोंद असलेल्या माणसाला अर्ज भरता आला तो थेट १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत. यशवंतरावांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती.